आभाळाचं गणित आणि आमचा बांध

आमच्या साडूंसारखा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर त्याच्या बायकोनं त्याला एकट्याला घराबाहेर सोडलं नसणार. हे मी सांगतोय म्हणजे खरं धरायला हरकत नाही, कारण मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरांनी हात पुढं कर म्हटलं, मी केला नाही, आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर मी कुणापुढं हात केला नाही आणि कुणाला वाट दिली नाही. पलूस-इस्लामपूरच्या मधल्या पट्ट्यात माझी बैलगाडी समोरून येताना दिसली की लोक आपापली गाडी आधीच बाजूला घेत. हे स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगणारे आता राहिले नाहीत म्हणून मीच लिहितो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या सासऱ्यांनी विट्याकडच्या आपल्या वाडीतून दोन पोरी दिल्या. थोरली मला दिली, माझा ऊस बघून. धाकटी साडूंना दिली, त्यांचा चष्मा बघून. साडू मूळचे साताऱ्याकडचे. वडील फौजेत, चुलते फौजेत, घरातल्या खुंटीलासुद्धा पट्टा आणि टोपीच टांगलेली. पोरगं फौजेत जाणार हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं. पण भरतीच्या वेळी साडूंची छाती भरली नाही आणि नजर पुढच्या माणसापर्यंत पोचली नाही, तेव्हा नाइलाजानं गणितात गेले. गणितात मात्र असे गेले की थेट बंगलोरला सरकारी कचेरीत विमानांच्या कामावर निघाले. सासऱ्यांना लई अभिमान. माझ्या दारात बसून, माझ्याच उसाचा रस पिऊन ते दुसऱ्या जावयाचं कौतुक सांगायचे. मी ऐकून घ्यायचो, कारण रस आमचा होता.

साडूंचं काम काय, तर आभाळात विमानं एकमेकांना धडकू नयेत म्हणून गणित करायचं. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, "आवं पाव्हणं, आभाळ एवढं मोठं. धडकायला दुसरं इमान हुडकत जावं लागंल."

साडूंनी चष्मा पुसला. चष्मा पुसला की समजायचं, आता भाकरी गार होणार. ते म्हणाले, "साडूभाऊ, आभाळ मोठं आहे, पण वाटा मोजक्याच आहेत. सगळ्यांना मुंबईला यायचं असतं आणि सगळ्यांना मुंबईतून जायचं असतं." मग त्यांनी माझ्याच ताटात भाकरीचे तुकडे मांडले. हा तुकडा मद्रासहून येतोय, हा दिल्लीहून, हा गुळाचा खडा बंगलोरला निघालाय. प्रत्येकाभोवती बोटानं पिठल्यात एक गोल काढला. म्हणाले, "या गोलात दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही. ही अट. ती कुणासाठी मोडायची नाही. आता बघा, भाकरी आणि गूळ समोरासमोर आले. काय कराल?"

"गुळाला बाजूला करीन."

"झालं. गूळ बाजूला झाला की तो ठेच्याच्या गोलात घुसला. ठेचा हलवला की कांद्यावर आला. एकेकाला हलवून भागत नाही, सगळ्यांचं एकदम मांडावं लागतं. प्रत्येकानं किती वळायचं ते असं काढायचं की अट कुणाची मोडणार नाही आणि सगळ्यांचं वळण मिळून कमीत कमी होईल. आणि लांबून, आधीच वळायचं. आधी वळलं तर बोटभर पुरतं. नाकासमोर आल्यावर वळलं तर अख्खं आभाळ लागतं."

मी विचारलं, मग यात अवघड ते काय. साडू हळू आवाजात, घरातली भानगड सांगावी तसे म्हणाले, "किती वळायचं हे सोपं आहे. कुणी कुणाच्या डाव्या अंगानं जायचं आणि कुणी उजव्या, हे ठरवायलाच सगळा जीव जातो. विमानं थोडी वाढली की हे ठरवायच्या तऱ्हा इतक्या वाढतात की आमचं मशीनसुद्धा रात्रभर कण्हतं." तेवढ्यात मी मद्रासचं विमान पिठल्यात बुडवून खाल्लं. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं की मला पुढचा घास गिळवेना.

ते मशीन पुठ्ठ्याची भोकं पाडलेली पत्ती खायचं म्हणे. खाऊन टाकलेली पत्ती साडू दर खेपेला आमच्याकडं आणायचे. त्यांना वाटायचं, आम्ही ती जपून बघू. बायकोनं ती पिठाच्या मांडणीच्या लंगड्या पायाखाली घातली, उरलेलीनं चूल पेटवली. साडूंनी ते बघितलं आणि म्हणाले, "चला अक्का, कुणाला तरी उपयोग झाला." माझ्या बायकोला ते अक्का म्हणत, आणि त्यांच्या या एका शब्दावर ती त्यांना दोन भाकऱ्या जास्त वाढत असे.

गणित त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की रस्त्यानं चालायचे तेही तसंच. पलूसच्या बाजारात गर्दी असो नसो, साडूंना कधी कुणाचा धक्का लागला नाही. पेठेच्या त्या टोकाला माणूस दिसला की हे या टोकालाच दोन वीत सरकायचे. समोरच्याला पत्ताही नसायचा की त्याच्यासाठी कुणी वाट बदलली. आमचे शिंपी रसूलभाई, माझे दोस्त. त्यांच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. रसूलभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहून साडूंना सलाम करायला हात उचलायचे, आणि साडू लांबूनच तिरके होऊन पलीकडच्या अंगानं निघून जायचे. तीनचार बाजार असं झाल्यावर रसूलभाई माझ्याकडं आले. तोंड उतरलेलं. म्हणाले, "आबा, तुमच्या साडूचं मी काय घोडं मारलं? गेल्या साली सदरा शिवला, त्याची काखंत शिवण उसवली का? मला बघितलं की मानूस वाट बदलतो."

मी साडूंना बोलावून समोर उभं केलं. साडू म्हणाले, "अहो, तुम्ही पायरीवर उभे असता. तुमचा हात वर जाणार हे मला लांबून दिसतं. त्या हाताची जागा सोडतो." रसूलभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, गडी मनानं लई चांगला हाय. पर तेंच्या घरात सांगा, एकटं सोडू नका."

आता सांगायची गोष्ट म्हणजे, हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता. आमच्या शिवारावरून दुपारचं एक विमान जायचं, मुंबईकडून खाली बंगलोरकडं. तेव्हा आमच्याकडं विमान म्हणजे नवलच. बायका खुरपणी थांबवून बघायच्या. साडू उसाच्या सरीत असोत नाही तर परसाकडं, ते मान वर करून विमान दिसेनासं होईपर्यंत उभे राहायचे आणि मग "जातंय, बरोबर जातंय" असं म्हणून कामाला लागायचे. जणू बांधावरून आपलंच जनावर चाललंय. मी एकदा विचारलं, "पाव्हणं, एवढं समदं इमानाचं करताय, मग बंगलोरहून यस्टीनं हाडं खिळखिळी करत कशाला येता?" तर म्हणाले, "साडूभाऊ, यस्टीत माझी काही जबाबदारी नसते. झोप लागते."

आणि यस्टी परवडली, पण उसाच्या दिवसांत साडू नको. बहात्तरचा दुष्काळ सरून पुन्हा ऊस उभा राहिला त्या साली ते नेमके हंगामात आले. कारखान्याच्या वाटेवर आमच्या ओढ्याला एक अरुंद मोरी आहे. इकडून भरलेल्या गाड्या, तिकडून मोकळ्या गाड्या, आणि मोरीवर एकच मावणार. भरलेली गाडी चढावर थांबली की बैलं बसतात, आणि जुंपलेली गाडी काही मागं सरत नाही. म्हणजे रोज तिथं आरडाओरडा, शिव्या, आसुड. साडू तिथं सकाळी जाऊन बसले ते दुपारी जेवायला आलेच नाहीत. संध्याकाळी आले तर डोळे चमकलेले. म्हणाले, "साडूभाऊ, भरलेली गाडी आणि विमान एकाच जातीचं. दोन्ही थांबवता येत नाहीत. भरलेल्यांना हलवायचंच नाही. मोकळ्यांनी आधीच, बाभळीपाशी, नदीच्या अंगाच्या वाटेला लागायचं. वळसा थोडा, पण मोरीवर कुणी अडणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडू स्वतः बाभळीखाली उपरणं घेऊन उभे राहिले आणि पहिली मोकळी गाडी त्यांनी नदीकडं वळवली. गणितात काही चूक नव्हती. पण आमच्याकडं मोकळ्या गाडीचा गाडीवान दुपारची भाकरी खाल्ली की गाडीतच आडवा होतो, आणि बैल पुढच्या गाडीच्या मागं मागं चालतात. आणि ती पहिली गाडी होती माझी. माझा गडीही घोरत होता. नदीच्या वाटेला लागल्यावर माझ्या बैलांना घराचा वास आला आणि ते सरळ माझ्या दारात आले. त्यांच्यामागं दुसरी गाडी, दुसरीच्या मागं तिसरी. मी पडवीत पान खात बसलो होतो. बघतो तर अंगणात गाड्या, परड्यात गाड्या, शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत गाड्या, आणि सगळे गाडीवान गाढ झोपलेले. एकजण उठला, डोळे चोळले, माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, तुमी कारखान्यात कवा लागला?"

माझ्या बायकोला त्या दिवशी घागरभर चहा करावा लागला. साडू मागून चालत आले. मला वाटलं, आता तरी वरमतील. त्यांनी अंगणावर एक नजर फिरवली आणि समाधानानं म्हणाले, "बघा, एकही धडक झाली नाही. अट मोडली नाही."

त्या चहाच्या वेळीच माझी बायको बोलून गेली, "पाव्हणं, साऱ्या गावाच्या गाड्यांचं करताय, एवढं ह्या दोन भावांचं तरी करा."

हे सांगायला पाहिजे. माझा थोरला भाऊ, त्याला सगळे तात्या म्हणत, त्याचं आणि माझं वाटणीपासून बोलणं नव्हतं. वाटणीत जमीन फाटली, घर फाटलं, आणि खिलारी बैलांची एक जोडी होती, हरण्या आणि माणक्या, तीही फाटली. हरण्या माझ्या दावणीला, माणक्या त्याच्या. तात्या रानात वस्ती करून राहिला, मी गावात. मध्ये बांधाची वाट, एका गाडीची, दोन्ही अंगांना दोघांनी लावलेली काट्यांची कुंपणं. या वाटेवर आम्ही दोघं समोरासमोर कधी आलो नाही. मी बांधावर धूळ उडताना बघितली की गाडी सोडून पान खात बसायचो. माझ्या बैलांच्या घुंगरमाळांचा आवाज आला की तो वस्तीवरच थांबायचा. भांडण टळायचं आणि कुणाला वाट द्यायला लागायची नाही. माझी चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. त्याचीही होती असं आता म्हणत नाही, एवढंच.

पण त्या साली माझ्या थोरल्या पोरीचं, मंदाचं, लग्न ठरलं. आमच्याकडं घरातल्या वडीलधाऱ्याला लग्नाची अक्षत घरच्या कर्त्यानं स्वतः दारात जाऊन द्यायची असते. कुणाच्या हाती पाठवली तर तो अपमान. मी म्हटलं, त्याच्या दारात पाय ठेवणार नाही, अक्षत पाहिजे तर त्यानं यावं. तात्यानं निरोप धाडला, अक्षतीशिवाय मांडवात पाय ठेवणार नाही. आणि मंदा लहानपणी तात्याच्या खांद्यावर वाढलेली. ती म्हणाली, "थोरलं बाबा न्हाईत तर मी मांडवात हुभी ऱ्हाणार न्हाई. मग तुमी दोघं बसा हळद लावून." पोरगी आमच्याच रक्ताची, म्हटल्यासारखं करणार. पाव्हण्यांकडून सुपारी फुटलेली, मांडवाचे खांब आलेले, आणि लग्न मोडायच्या बेताला आलेलं.

साडू लग्नासाठी आठ दिवस आधीच आले. आल्या आल्या त्यांना सगळं कळलं. मला वाटलं होतं, चार शहाणपणाचे शब्द सांगतील, आणि ते मी परतवून लावीन. पण ते सकाळी उठून नुसते विहिरीवर जाऊन बसायचे. विहीर आम्हा दोघांत सामायिक, बांधाच्या मधोमध. तिथं पूर्वीच्या मोटेची धाव होती, म्हणजे मोट ओढताना बैलांनी मागंपुढं चालायची उतरती जागा. इंजिन बसल्यापासून ती नुसती पडून. सगळ्या बांधावर तेवढी एकच जागा दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील अशी.

चौथ्या दिवशी जेवताना साडू म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही दोघं भाऊ माझ्या कचेरीपेक्षा हुशार. वर कुणी सांगणारं नाही, मशीन नाही, तरी इतक्या वर्षांत धडक नाही."

मी मिशीवरून हात फिरवला.

"फक्त एक राहिलं. तुम्ही अट तेवढी पाळली. वळसा किती पडतोय ते बेरजेत धरलंच नाही." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती गरम असताना खाल्ली.

पलूसच्या बाजाराचा दिवस उजाडला. बाजारादिवशी तात्याची गाडी सकाळी बांधावरून गावाकडं यायची, म्हणून त्या सकाळी मी रानाकडं फिरकत नसे. साडू म्हणाले, "मांडवाला आंब्याचे डहाळे आणायला चला."

"आज न्हाई. आज तो बाजारला जातो."

"ते कधीच गेले. बघा की, बांधावर धूळ आहे का?"

धूळ नव्हती. का नव्हती ते मला नंतर कळलं. पहाटेच साडूंनी पाटाचं पाणी वाटेवर सोडून ठेवलं होतं. माझ्या बैलांच्या घुंगरमाळाही लग्नासाठी उजळायला म्हणून आदल्या दिवशी त्यांनी काढून नेल्या होत्या. आणि तिकडं वस्तीवर आमच्या वहिनीनं तात्याचा फेटा दडवला होता. फेट्याशिवाय तात्या बाजारला जाणं शक्यच नाही. फेटा किती वेळानं सापडायचा तेही साडूंनीच वहिनीला सांगून ठेवलेलं. मागाहून मी त्यांना याबद्दल फैलावर घेतलं तर म्हणाले, "वळणंच पाहिजे असं नाही. वेग कमी केला तरी चालतं."

तर मी गाडी जुंपली. साडू शेजारी बसले, मांडीवर एक पिवळी पिशवी. बांधाला लागलो आणि हे सुरू झाले, "जरा हळू घ्या. हं, आता सोडा. थोडं अजून हळू." मला वाटलं, शहरी माणूस, गाडीला भितोय. प्रत्यक्षात भिण्यासारखंच होतं. आम्ही दोघं धावेच्या अलीकडं किंवा पलीकडं समोरासमोर आलो असतो, तर गाडी मागं सरत नाही, काट्यातून बाजूला होत नाही, आणि आम्ही दोघं तर कशातूनच बाजूला होत नाही. लग्न राहिलं असतं आणि काठ्या निघाल्या असत्या. साडूंच्या कपाळावर घाम होता. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

विहिरीपाशी आंब्याच्या आडून तात्याची गाडी निघाली आणि आम्ही बरोब्बर धावेवर समोरासमोर आलो.

मी कासरा ओढायच्या आत हरण्यानं मान वळवली. तो तिरका होऊन माणक्याच्या अंगाला गेला आणि त्याची मान चाटायला लागला. माणक्यानं डोळे मिटले. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मी हाकललं, हरण्या हलला नाही. तात्यानं आसुड उचलला आणि तसाच खाली ठेवला.

शेवटी तात्या माझ्याकडं न बघता हरण्याकडं बघून म्हणाला, "बैल खंगलाय."

मीही माणक्याकडं बघून म्हटलं, "तुझ्या बैलाच्या मानंला घट्टा पडलाय. जू बेताचं घालत जा."

"माझा बैल मला कळतो."

"मला माझा कळतो."

मग तात्यानं साडूंना विचारलं, "पाव्हणं, पिशवीत काय हाय?"

"अक्षत आहे," साडू म्हणाले.

तात्याची नजर पिशवीवरून हलेना. म्हणाला, "अक्षत दारात द्यायची असती."

मी म्हटलं, "मी कुणाच्या दारात जाणार न्हाई."

साडूंनी गाडीतून वाकून खाली बोट दाखवलं. "हा धावेचा मधला दगड. याच्या इकडचं यांचं, तिकडचं तुमचं. मी मोजलंय. दोघांनी एकेक पाऊल टाकलं की कुणीच कुणाच्या दारात गेलं नाही. मी 'आता' म्हणतो. दोघांनी एकदम उतरायचं."

ते "आता" म्हणाले. कुणीच उतरलं नाही. मी तात्या उतरतोय का ते बघत होतो, तात्या मी उतरतोय का ते. साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "विमानं तरी बरी. सांगितलेलं ऐकतात." मग पिशवी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, "आता" म्हणाले.

आम्ही उतरलो. मी मूठभर अक्षत काढली. तात्यानं उपरण्याचा पदर पुढं केला. थोडे तांदूळ दगडावर सांडले, त्याच्या हातून की माझ्या, ते मला सांगता यायचं नाही. तो म्हणाला, "पोरगी कशी हाय?"

"तुझ्यासाठी अडून बसलीया."

"माझ्यावर गेलीया."

"म्हणून तर घोर हाय."

तात्या हसला. पुढचे दात पडलेले मला तेव्हाच दिसले. कधी पडले ते मला माहीत नव्हतं.

लग्न थाटात झालं. तात्या मांडवात फेटा बांधून असा मिरवला की पाव्हण्यांना तोच बाप वाटला. साडूंनी पंगतीचं वाढप आपल्या हातात घेतलं. वाढप्यांच्या वाटा अशा आखल्या की एकाचाही दुसऱ्याला धक्का लागला नाही. एका पंगतीला फक्त शेवटपर्यंत मीठ पोचलं नाही. नंतर मी आणि तात्यानं धावेपासलं कुंपण काढून दोन्ही अंगांनी हातहातभर मागं घेतलं. आधी कुणी घेतलं असं विचाराल, तर गडी लावून एकाच दिवशी घेतलं. तेवढं आम्ही शिकलो होतो.

पण एक वाद राहिला. दुसऱ्या "आता"ला आधी कोण उतरलं? मी म्हणतो, तात्या. त्याचा पाय मी जमिनीला लागताना बघितला, मग माझा उचलला. तात्या मरेपर्यंत सांगत राहिला की आधी मी. चावडीवर, बाजारात, पोरीच्या बाळाच्या बारशाला, जिथं आम्ही दोघं बसू तिथं हा वाद निघायचाच, आणि वाद असला की दोघांना एकत्र बसावं लागायचंच. साक्षीदार एकटे साडू. दर खेपेला यस्टीतून उतरल्याबरोबर आम्ही दोघं त्यांना गाठायचो. ते चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "मला कसं कळणार? मी वर बघत होतो. विमान चाललं होतं." त्या वेळी विमान नव्हतं. दुपारचं विमान सकाळी कुठून येणार? पण ते शेवटपर्यंत त्यावरून हलले नाहीत. हट्टी म्हणून लोक मला नावं ठेवतात.

त्यांचं गणित खऱ्या विमानांना कधी लागलं का, मला ठाऊक नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "कागदावर आहे. मशीन अजून धापा टाकतं. पुढं कधीतरी." मी ते एकदाच लागलेलं बघितलं, ते बैलगाडीला. तात्या गेल्यावर मी मिरजेतून रेल्वेनं बंगलोरला गेलो. साडूही तेव्हा अंथरुणाला खिळले होते. खिडकीशी खाट लावून घेतली होती, आभाळ दिसावं म्हणून. मी म्हटलं, "पाव्हणं, आता तात्या न्हाई. आता तरी सांगा, कोण उतरलं?" ते म्हणाले, "तात्यांची बाजू सांगायला ते आता नाहीत ना. मग आता तर सांगता येणार नाही." आणि खिडकीकडं वळले.

आता बांधावर ट्रॅक्टर असतात. पोरं म्हणतात, आबा म्हातारपणी नरमले, धावेपाशी थांबून वाट देतात. मी कुणाला वाट देत नाही. तिथं वाटच रुंद आहे. त्या दगडावर मी बसतो, कारण गुडघे दुखतात, दुसरं काही नाही. आभाळात आता दिवसभर विमानं असतात, इकडून तिकडून, एकमेकांना ओलांडत. पांढऱ्या रेघा जवळ येतात, वाटतं आता लागणार, आणि जराशा तिरक्या होऊन आपापल्या वाटेनं निघून जातात. मी मान वर करून बघत राहतो, अगदी दिसेनाशी होईपर्यंत. जातंय, बरोबर जातंय, असं कुणीतरी म्हणायला पाहिजे, म्हणून मीच म्हणतो.